जास्तीचं माणूस

पौषात सांगलीहून आष्ट्याकडे निघालं की वाटेत कुठेतरी एखादं गुऱ्हाळ लागतंच. पूर्वीसारखी ती आता राहिली नाहीत, ऊस भरलेले ट्रॅक्टर सरळ कारखान्याची वाट धरतात. पण जी दोन-चार उरली आहेत त्यांचा वास गाडीची काच बंद असली तरी मला सापडतो. गाडी माझी नात चालवत असते. ती म्हणते, "आज्जी, काय मस्त वास सुटलाय गुळाचा!" मी हो म्हणते. साऱ्या जगाच्या तोंडाला गुळाच्या वासानं पाणी सुटतं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळतं. ऐंशीच्या पुढे गेले तरी ही सवय सुटलेली नाही.

ह्याच नातीनं परवा मला एक सिनेमा दाखवला. घटस्फोट झालेलं जोडपं. मुलाच्या वाढदिवसाला जुनी बायको, नवी बायको, मधला नवरा आणि आणखी एक कुणी दाढीवाला, अशी सगळी एका टेबलाभोवती बसून केक खातात. एकमेकांशी इतकं समजुतीनं बोलतात की ह्यांना कधी पित्तबित्त होतं की नाही अशी मला शंका आली. नात म्हणाली, "तुमच्या वेळी असं काही नसेल ना गं?" मी म्हटलं, आमच्या वेळी केक नव्हता. बाकी सगळं होतं.

मग तिला काडीमोड म्हणजे काय ते सांगावं लागलं. पंच बसतात. नवरा-बायको समोर उभी राहतात, गवताची काडी घेतात आणि चारचौघांदेखत मोडतात. झालं. बाई मोकळी, गडी मोकळा. तिला पाट लावायचा असेल तिनं लावावा, त्याला दुसरी करायची असेल त्यानं करावी. आमच्या शेतकरी घरांतून हे होत असे आणि त्यात कुणाचं आभाळ कोसळत नसे. माझ्या आईची काडी मोडली तेव्हा मी तिच्या कडेवर होते. तिचं नि माझ्या वडिलांचं कशावरून बिनसलं ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि विचारलं की आई म्हणायची, "जळलं मेलं ते, त्येचा आता काय इस्तू करायचाय?"

वडील पलटणीत हवालदार होते. त्यांना मी काय म्हणावं हे ठरवायचं सगळ्यांच्या ध्यानातून राहून गेलं, म्हणून गाव म्हणत असे तेच मीही म्हणत असे, हवालदार. आईनं आष्ट्याच्या ज्यांच्याशी पाट लावला ते बापू. ऊसकरी माणूस, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. आई मला बोटाला धरून त्यांच्या घरात आली आणि त्यांनी मला कधी "ये" म्हटलं नाही की "जा" म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी मांडलं जात होतं, एवढं मात्र खरं.

काडीचे दोन तुकडे झाले, माझे करता येईनात. तेव्हा पंचांनी तोंडी ठराव केला होता: पोर जाणती होईतोवर आईजवळ, जाणती झाली की बापाच्या घरी. आता पोर जाणती कधी होते, हे कुणी ठरवायचं? त्या एका शब्दावर आईनं माझं सगळं बालपण अडवून धरलं. ती मला मुद्दाम लहान ठेवत असे. माझ्या बरोबरीच्या पोरी डोईवर घागर घेऊन पाणंदीनं चालत, मला ती तांब्याच्या वर काही उचलू देत नसे. माझी वेणी तीच घालायची. भाकरी थापायला मी चोरून शिकले, आणि पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा आनंदानं ओरडणार तोच आईनं माझ्या तोंडावर पिठाचा हात ठेवला. म्हणाली, "शालन, कुनाला सांगू नगंस. तुला भाकरी येत न्हाई. इचारलं तर म्हनायचं, न्हाई येत." शेजारणी म्हणायच्या, हौसाक्काची पोरगी अंमळ मठ्ठच आहे. आई त्यांना चहा करून पाजत असे.

लढाई संपली आणि हवालदार पलटणीतून सुटून आले. साताऱ्याला कचेरीत त्यांना नोकरी लागली, एका पेठेत त्यांनी खोली घेतली, दुसरं लग्न केलं. ह्या बातम्या तेव्हाच्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं येणारी-जाणारी माणसं आणत. मग एक निरोप आला: माघात न्यायला येतो, पोरीची कापडं बांधून ठेवा. निरोप सांगणारा बिचारा हातात गूळ-पाणी घेऊन उभा होता, आणि आईनं त्याच्यासमोरच मला कडेवर घेतलं. माझे पाय तिच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते. एवढी घोडी मी झाले होते, आणि ती मला कडेवर घेऊन त्या माणसाला दाखवत होती.

त्या माघात आमची गुऱ्हाळाची पाळी होती. एरवी मला त्या दिवसांचं केवढं वेड. घाण्याला बैल फिरायचे, चिपाडांचा ढीग चढायचा, चुलवाणाचा जाळ ढणढणायचा आणि काहिलीतल्या रसावरची मळी काढली की खालून सोनेरी बुडबुडे फुटायला लागायचे. उसाच्या कांड्याला काकवी लावून चाटत आम्ही पोरं दिवसभर तिथेच. पण त्या वर्षी मला काहीच गोड लागेना. जेवायला बसले की घास फिरायचा. साताऱ्याच्या बाजूनं येणारी मोटार वेशीजवळ घरघरली की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची, आणि मोटार पुढे गेली की पुन्हा आत जायची. ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एका दुपारी मोटार थांबली. हवालदार उतरले आणि त्यांच्यामागून त्यांची नवी बायको. आष्ट्यातच त्यांची मावशी होती, तिच्याकडे दोघं उतरली. पंच दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचे, आणि तेही आमच्या गुऱ्हाळावरच. त्या दिवसांत गावची सगळी शहाणी माणसं कुणाच्या ना कुणाच्या गुऱ्हाळावरच सापडत.

गावात त्याच सुमाराला तंबूचा सिनेमा आला होता. हलगी वाजवत सिनेमाच्या जाहिरातीची फळी लावलेली गाडी फिरून गेली होती. बापूंना काहील सोडून जाणं शक्य नव्हतं, पण ते आईला म्हणाले, "जावा मायलेकी. घरात बसून जीव खाल्ल्यानं काय हुनार हाय?" एवढं लांब वाक्य ते क्वचित बोलत. आम्ही गेलो.

तंबूच्या मधोमध कनात लावलेली, अलीकडे बायका, पलीकडे गडी. खाली वाळू, ज्यानं त्यानं आपलं पोतं आणायचं. आम्ही टेकलो तोच हवालदारांची मावशी त्यांच्या नव्या बायकोला घेऊन आत आली, आणि आमच्या गावच्या बायकांना चेव आला. जागा कुठेही होती. पण "या, या, हितं बसा, हितं ऐसपैस हाय," असं म्हणत त्यांनी सरकून सरकून बरोबर आईच्या पोत्याशेजारी जागा केली आणि सातारकरणीला तिथे बसवलं. अलीकडे आई, पलीकडे ती, मध्ये मी. मग सगळ्या जणी पडद्याकडे बघायचं सोडून आमच्याकडेच बघू लागल्या.

तिचं नाव तानूबाई. अंगानं किरकोळ, वयानं आईपेक्षा बरीच लहान, नव्या लुगड्याची दुकानातली घडी अजून मोडली नव्हती. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. बऱ्याच वेळानं आईनं शेंगांचा पुडा माझ्यापुढे धरला, आणि हात तसाच थोडा पुढे नेला. तानूबाईनं दोन शेंगा उचलल्या. त्या दोघींचं बोलणं झालं ते एवढंच.

सिनेमा शहरातल्या बड्या घरातला होता. नवरा-बायकोचं फाटतं, बायको घर सोडून जाते, तान्ही पोर बापाकडे राहते. बाई कुठल्याशा देवळाच्या पायरीवर बसून झुरते, शिवण शिवते, खोकते, आणि नवऱ्याच्या तसबिरीला हार घालते. आमच्या बायकांना हे काही केल्या कळेना. थोरल्या आळीची पारू मोठ्यानं ओरडली, "आगं बया, रडत काय बसलीयास? काडी मोडून घे की!" दुसरी म्हणाली, "त्यो शिवनाचं कापड आनून देतोय त्यो बरा हाय. लाव त्येच्यासंगं पाट!" तंबूभर हशा पिकला. कनातीपलीकडून गडीमाणसंही हसली. पडद्यावरच्या बाईला बिचारीला काडीमोड ठाऊक नव्हती, ज्यांनी तिला बनवलं त्यांनाही नसावी. माझी आई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी हळूच पाहिलं तर तानूबाईही हसत होती.

मग पडद्यावर दुसरी बायको आली आणि हसणं थांबलं.

यंत्र एकच होतं, त्यामुळे रीळ संपलं की तंबूत बत्ती लावत, दुसरं रीळ चढवीत. बाहेर इंजिन धडधडत असे. उजेड पडला की सगळ्या माना आमच्याकडे वळत. पडद्यावरच्या सावत्र आईनं पोरीचं दूध काढून घेतलं, उजेड पडला, बायकांनी तानूबाईकडे पाहिलं. तिनं पोरीला उंबऱ्याबाहेर झोपवलं, उजेड पडला, पुन्हा पाहिलं. एक म्हातारी आपल्या नातीला सांगत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सावत्र ती सावत्रच बाई. साखरंत घोळली तरी कारलं ते कारलंच." तानूबाई समोर पडद्याकडे बघत राहिली. पडदा त्या वेळी कोरा होता.

पुढचं रीळ सुरू होऊन अंधार झाला तेव्हा माझ्या कानाशी तिचा आवाज आला. "तुला यायचंय का गं सातारला?"

मी आईचा पदर तोंडात धरला होता.

"बोलू नगंस. मान हलीव नुसती."

मी मान हलवली. नाही.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. 'बरं' म्हणजे 'बरं, बघते तुझ्याकडे' असंही असू शकतं. मला तसंच वाटलं, आणि मी आईकडे आणखी सरकले.

त्यानंतर लगेच तो प्रसंग आला. पडद्यावरच्या बाईनं चुलीतला चिमटा लाल केला आणि पोरीच्या हातावर ठेवला. पोर किंचाळली. आमच्या बायका तिच्याहून मोठ्यानं किंचाळल्या. "हात झडतील तुझं मेले! किडं पडतील!" पारूनं मूठभर टरफलं पडद्याच्या दिशेनं भिरकावली, ती तिथवर कशाची पोचतात, तानूबाईच्या खांद्यावर, मांडीवर पडली. नेमकं रीळ संपलं. बत्ती लागली. ती तशीच बसली होती, टरफलं न झटकता. हवालदारांची मावशीसुद्धा तिच्यापासून जराशी सरकली होती. पारू म्हणाली, "बघून ठेव गं सातारकरनी. आमच्या शालनला आसं काय केलंस तर आख्खं आष्टं मोटारीत बसून येईल." आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की चार बोटं चार दिवस दिसत होती.

शेवटी काय झालं ते सांगायलाच नको. दुसऱ्या बायकोचा पाय विहिरीच्या काठावरून घसरला. पहिली धावत आली, पोरीला मिठी मारली, नवऱ्याचे पाय धरले, तसबीर पुन्हा भिंतीवर लागली. बायका डोळे पुसत उठल्या. त्यानंतर उभ्या आयुष्यात मी फुटक्या संसारांचे पुष्कळ सिनेमे पाहिले, आणि माझ्या ध्यानात आलं की त्यांचा एक ठरलेला उपाय असतो. मोडलेलं घर जोडायचं तर जास्तीचं माणूस मारून टाकायचं. विहीर असते, क्षय असतो, मोटारीचा धक्का असतो. हल्लीच्या सिनेमात मारत नाहीत, त्याला शहाणं करून केक खायला बसवतात. दोन्हीकडे सोय एकच, की त्याला नेमकं काय हवं होतं ते कुणी विचारायचं नाही.

सकाळी गुऱ्हाळावर पंच बसले. चिपाडांच्या ढिगाला टेकून तीन-चार म्हातारे, त्यांत मुख्य थोरले आण्णा, ज्यांच्या शब्दापुढे गावात कुणी जात नसे. हवालदार पलटणीतल्यासारखे ताठ उभे. तानूबाई जरा मागे, डोक्यावरून पदर. आई भाकरीची पाटी घेऊन आली होती ती तशीच डोक्यावर ठेवून उभी राहिली, खाली उतरवायचं तिला सुचलं नाही. बापू काहिलीपाशी. रस आटत आला होता, अशा वेळी नजर ढळली तर सगळी काहील वाया जाते. ते पाठमोरे होते, पण त्यांचा हात हलायचा थांबलेला मी पाहिला, आणि गुळव्यानं "बापू, हलवा!" म्हणून ओरडल्यावर पुन्हा सुरू झालेला पाहिला.

हवालदार म्हणाले, "आण्णा, मला जादा बोलायचं न्हाई. पंचांनी जबान दिल्ती. पोर जानती झाली, मी न्यायला आलोय."

आई म्हणाली, "आवं आण्णा, जानती कुठली? तिला भाकरीसुदिक येत न्हाई."

"येत न्हाई तर तिकडं शिकंल," हवालदार म्हणाले.

आण्णांनी मला जवळ बोलावलं. माझ्या उंचीकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. भाकरी थापणारे हात लपत नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, "हौसाक्का, जबान ती जबान. आमीच दिली हुती. पोर बापाची."

आईच्या डोक्यावरची पाटी हलली. मला रडू येईना. माझं सगळं आता ठरलं होतं आणि घाण्याचे बैल तसेच फिरत होते, ह्याचाच मला राग आला. जाळ घालणारा चुलवाणात चिपाड कोंबत होता, ते थांबवावं असंही कुणाला वाटलं नाही.

आण्णा उठता उठता रीत म्हणून तानूबाईला म्हणाले, "बाई, पोर तुझ्या पदरात घालतोय. नीट सांभाळशील न्हवं?"

"न्हाई," तानूबाई म्हणाली.

आण्णा अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"काय म्हनलीस?"

"न्हाई सांभाळायची. मला सवतीची पोर घरात नगं." ती पदर सावरून पुढे आली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "सांगून ठिवते, पंचांनी मागनं मला बोल लावू नये. आनली तर मी कालच्या त्या बाईवानी करीन. चटकं दीन. उपाशी ठिवीन. ह्ये दिसभर कचेरीत. मला कोन बघतंय?"

हवालदारांनी हात उगारला. आण्णा गरजले, "हवालदार! पंचांम्होरं न्हाई!" आई पाटी टाकून धावली, भाकऱ्या मातीत गेल्या. तिनं मला मागे ओढलं आणि तानूबाईला अशा शिव्या घातल्या की मी तिच्या तोंडून त्या पूर्वी ऐकल्या नव्हत्या, पुढेही ऐकल्या नाहीत. तानूबाई खाली बघत सगळं ऐकत राहिली.

ते सगळे म्हातारे आदल्या संध्याकाळी कनातीच्या पलीकडे बसलेले होते. पोरीची किंकाळी त्यांच्या कानांत अजून ताजी होती. आण्णा सावकाश म्हणाले, "हवालदार, जबान मोठी खरी. पन उद्या पोरीचं बरंवाईट झालं, तर जबान घेऊन काय चाटायचीय? पोर ऱ्हाऊ द्या हितं." आणि मग जराशानं, "तुमची लेक हाय, तुमी कवाबी येऊन बघा. कोन न्हाई म्हननार न्हाई."

गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. काहील उतरवून बापू आले, केळीच्या पानावर ऊन गूळ घेऊन. हवालदारांपुढे धरला, ते वळून चालू लागले होते. मग बापूंनी पान तानूबाईपुढे धरलं. आपल्या बायकोच्या आधीच्या नवऱ्याच्या बायकोला काय म्हणून हाक मारावी, ह्याला आमच्यात नाव नाही. ते नुसतं म्हणाले, "बाई, घ्या." तिनं पदरात घेतला आणि नवऱ्याच्या मागं, आठ-दहा पावलं अंतर ठेवून, वेशीकडे गेली. मोटारीत तिला कुणी शेजारी बसवून घेतलं नाही असं नंतर कळलं. गोष्ट तिच्या आधी साताऱ्याला पोचली.

त्यानंतर कुणी मेलं नाही. सगळे जगले, आणि सगळ्यांना एकमेकांच्या आजूबाजूनं जगावं लागलं. हवालदार वर्षातून दोनदा तरी येत, कागदात कंदी पेढे बांधून. बापूंच्या ओट्यावर बसत. दोघं पुरुष रस्त्याकडे तोंड करून उसाच्या बेण्याबद्दल आणि बर्मेतल्या चिखलाबद्दल बोलत. आई आतून चहा करी आणि तो माझ्या हातून बाहेर जाई. एकदा बशी हातात घेत हवालदार म्हणाले, "चहा ब्येस झालाय." आत येऊन मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्येला साखर जास्त लागती," आणि लगेच जीभ चावली. माझ्या लग्नात कन्यादानाला कुणी बसायचं ह्यावरून पुन्हा वादळ उठणार होतं, तर मामा-मामी बसले आणि सगळ्यांची सोय झाली. दोघेही बाप मांडवाच्या एकाच खांबाशी उभे राहून तांदूळ टाकत होते.

फक्त तानूबाई कधी आली नाही. तिला पेठेत 'चटकेवाली' हे नाव पडलं होतं. आष्ट्यात पोरं ऐकेनात की आया म्हणत, थांब, तुला सातारकरणीकडे पाठवते. तंबूतल्या त्या 'बरं'चा अर्थ मला जरा मोठी झाल्यावर लागला. मी आईला एकदा धुणं धुताना सगळं सांगितलं. तिचा हात दगडावर थांबला. मग ती म्हणाली, "गप ऱ्हा शालन. तुजं लगीन हुईस्तोवर तोंडातनं भाईर काढू नगंस. ती वाईट हाय म्हनून तू हितं हायस. ती चांगली निघाली तर उद्या परत पंच बसतील." आणि धुणं आपटायला लागली. त्या दिवसानंतर बायकांनी तानूबाईला नावं ठेवली की आई काहीतरी निमित्त काढून उठून जाई. पण ती कधी एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा आईचा फार राग येत असे. पुढे मलाही मुलं झाली आणि राग कमी झाला, गेला मात्र नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या ह्यांची, ते शाळामास्तर होते, साताऱ्याला बदली झाली. बिऱ्हाड लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती पेठ शोधत गेले. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. इतकी वर्षं मी तिला देव्हाऱ्यात बसवली होती. आता पेठेतल्या बायकांना गोळा करून सांगायचं ठरवलं होतं, की ही बाई चटकेवाली नाही, हिनं माझ्यासाठी आपलं नाव जाळून घेतलं.

ती ओसरीत तांदूळ निवडत होती. केस पिकू लागले होते, दोन मुलगे आत अभ्यास करत होते. मी नाव सांगितलं तशी तिनं मला खालवर पाहिलं. "लय उंच झालीस की," म्हणाली.

मी एका दमात सांगून टाकलं. तंबू, मान हलवणं, पंचांपुढं माझ्यासाठी खोटं बोलणं.

"खोटं?" ती म्हणाली. "खोटं कुठं बोलले? मला तू नगंच हुतीस."

मी ओसरीच्या कडेला टेकले.

"मला तवा नुकतंच दीस गेलं हुतं. कुनाला सांगिटलं नव्हतं. दोन खनाची खोली. मला माजं लेकरू पायजे हुतं, सवतीचं न्हाई. वाटंभर मी हाच इचार करत आल्ते, ही पोर टळंल कशी. तुला इचारलं, तू न्हाई म्हनलीस. लय हलकं वाटलं बघ. दोगींचं एकमत झालं म्हनायचं."

"पण चटके दीन म्हणालात ते तर—"

"ते खरं का खोटं मला तरी कुठं म्हाईत हाय? आली आसतीस म्हंजे कळलं आसतं." तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "वंगाळ मानूस दुसऱ्याचं चांगलं करतच न्हाई आसं न्हाई, आन चांगलं केलं म्हंजे मानूस चांगलं आसतंय आसंबी न्हाई. तू मला देवी करू नगंस बाई. ते मला त्या नावापरीस जड जाईल."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हसूही यायला लागलं. एवढी वर्षं जपून आणलेलं माझं सगळं भाषण तिनं सुपाबाहेर टाकलं होतं. माझ्या मनातली दोन्ही माणसं, सिनेमातली आणि देव्हाऱ्यातली, तिथं नव्हती. एक बाई तांदूळ निवडत होती, तिला एका सकाळी एक पोर नको होती, आणि त्या पोरीलाही ती नको होती, आणि त्या एका गोष्टीसाठी तिनं जन्मभराची बोलणी घेतली होती. ती बोलणी कमी करायचा मला काही हक्क आहे की नाही, हेही मला कळेना.

एवढ्यात शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. "कोन पावनी गं, तानूबाई?"

तानूबाईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"आमची थोरली," ती म्हणाली. "छळायची ऱ्हायली ती."